दुकानाचं बारसं

मूल आधी जन्माला येतं आणि बाराव्या दिवशी त्याचं बारसं होतं. तोवर त्याला बाळ, सोन्या, ठमाकाकू यांपैकी काहीही म्हटलं तरी ते तक्रार करत नाही. धंद्याचं सगळंच उलटं. त्याचं बारसं आधी आणि जन्म मागाहून. नाव नसेल तर परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही, बँकेत खातं उघडत नाही आणि लेबलं छापणारा तर मशीनला हातही लावत नाही.

हे ज्ञान मला माझ्या भाचीमुळे झालं. अठरा वर्षं नोकरी केलेली तिची कचेरी एका सकाळी बंद झाली. हातात बऱ्यापैकी रक्कम आली आणि रिकामा वेळ तर त्याहून जास्त आला. तिने त्या रकमेतून मसाला दळायचं यंत्र घेतलं, एक गाळा भाड्याने घेतला, अनामत भरली आणि रविवारी सकाळी, मी दुसऱ्या चहाची वाट बघत असताना, माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, तू लिहितोस ना? मग मला एक नाव दे. लोणची, मसाले, मेतकूट, भाजणी. आठ दिवसांत हवं. पाच हजार लेबलं छापायला द्यायची आहेत."

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. लेखक म्हणून घरातल्या कोणी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, ह्यांनी स्वतःच्या पुस्तकांना दिलेली नावं ह्यांच्या प्रकाशकाला आठवत नाहीत. तू दुकानाचं कसलं विचारतेस?"

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. आमच्या घरात एकाने पहिलं काम हाती घेतलं की दुसऱ्या कामाला माणसं कमी पडत नाहीत.

पुस्तक उघडल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. तेव्हा आपल्या लोकांनी आजवर धंद्याला नावं कशी ठेवली, इथून मी सुरुवात केली. चार दिवस त्यातच गेले. नाव काही सापडलं नाही, पण इतिहास पुष्कळ सापडला.

जुनी माणसं फार विचार करत नसत. देवाचं नाव द्यायचं, नाहीतर आडनाव लावायचं. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली औषधांचा कारखाना काढला आणि त्याला नाव दिलं 'धूतपापेश्वर'. राजापूरजवळच्या शंकराचं नाव. आजचा कोणी जाहिरातवाला असता तर त्याला घेरीच आली असती. नाव कसं सुटसुटीत, दोन अक्षरी, गोऱ्या माणसालाही म्हणता येईल असं हवं, असं म्हणून त्याने शास्त्रीबुवांकडून त्याबद्दल फीही घेतली असती. पण ज्याला पोटदुखी आहे तो औषधाचं नाव म्हणून बघत नाही, पिऊन बघतो. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पापं धुतली जातच आहेत.

आडनावांचा मामला सोपा. सांगलीच्या गाडगिळांची पेढी १८३२ची. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. बेडेकर, चितळे, किर्लोस्कर ही सगळी आडनावंच. आडनावापुढे 'बंधू' लावायची रीतही आपली जुनी. मला तिचं फार कौतुक वाटतं. मराठी माणूस पाटीवर 'बंधू' बघितला की डोळे मिटून माल घेतो. हेच बंधू घराच्या वाटणीवरून वीस वर्षं कोर्टात उभे असले तरी पाटीवर ते एकत्र असतात आणि तेवढ्यावर गिऱ्हाइकाचं समाधान होतं. 'अँड सन्स' लावायला तर मुलगे असावेच लागतात असंही नाही.

"आणि 'अँड डॉटर्स' कुठे आहे?" भाचीने विचारलं.

मी सगळी टिपणं चाळली. नव्हतंच. शेवटी गुजरातेत जाऊन एक सापडलं. करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरच्या अंगणात धुण्याची पावडर कालवायला घेतली आणि मुलगी निरुपमा हिच्या नावावरून तिला 'निरमा' म्हटलं. भाची म्हणाली, "म्हणजे डॉटर आली ती कपडे धुवायला." मी पुढच्या टिपणाकडे वळलो.

पुढचं टिपण जमशेटजी टाटांचं होतं आणि त्यावर मी भाचीचा अर्धा तास खाल्ला. हा मनुष्य नावाच्या बाबतीत भलताच धूर्त. १८६९ साली त्यांनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची सुताची केली आणि तिला नाव दिलं 'अलेक्झांड्रा'. ही इंग्लंडच्या युवराजाची बायको. पुढे नागपूरला मोठी गिरणी काढली. तिचं कागदावरचं नाव सेंट्रल इंडिया वगैरे लांबलचक होतं, पण ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ला, आणि त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. गिरणी झाली 'एम्प्रेस'. आता या एम्प्रेसमध्ये विणलं जायचं कापड, आणि कापड विकून पोट भरायचं ते एम्प्रेसबाईंच्या मँचेस्टरने. म्हणजे घरमालकिणीचं नाव पाटीवर लावून तिच्याच स्वयंपाकघरासमोर खानावळ काढण्यातला प्रकार. कुठला कलेक्टर हरकत घेणार?

त्याच दिल्ली दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले होते. भोवती हिऱ्यामाणकांनी लगडलेले राजे आणि मध्ये काकांचं खादीचं पागोटं. मला नेहमी वाटतं की त्या दिवसाचं खरं बारसं काकांनी केलं. कारण नऊ वर्षांनी, १८८६ साली, जमशेटजींनी कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेतली तेव्हा ना राणी सुचली ना राजकन्या. नाव दिलं 'स्वदेशी'. बंगालची फाळणी आणि विलायती कपड्यांच्या होळ्या यांना अजून एकोणीस वर्षं अवकाश होता. अलेक्झांड्रा, एम्प्रेस, स्वदेशी. सतरा वर्षांत तीन पाट्या. इतिहासाचे पेपर तपासणाऱ्यांनी या तीन पाट्यांवर निदान दहा गुणांचा प्रश्न काढायला हरकत नाही.

"मामा, लोणचं," भाचीने आठवण दिली.

मी म्हटलं, थांब, किर्लोस्कर राहिले. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना नेला आणि आडनावावरून गाव पाडलं, किर्लोस्करवाडी. रेल्वेलासुद्धा स्टेशनची पाटी बदलावी लागली. कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढून ओगल्यांनी तसंच केलं, ओगलेवाडी. त्यांच्या कंदिलाचं नाव 'प्रभाकर', म्हणजे सूर्य. दिवाळीपुरता आणलेला कंदील वीज येईपर्यंत घरात सूर्य म्हणून नांदला. आणि तळेगावला तर लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करून काचकारखाना निघाला, १९०८ साली, तर नावच 'पैसा फंड'. भांडवल किती, कुठून आलं, हे पाटीवरच. आजच्या कंपन्यांना हा नियम लावला तर पाट्या वाचताना करमणूक होईल.

उलट पार्ल्याला गावाने बिस्किटाला नाव दिलं. चौहान मंडळींनी १९२९ साली पार्ल्याला कारखाना काढला. तो उभा करण्याच्या धांदलीत नाव ठेवायचंच राहून गेलं आणि लोक गावाच्या नावाने ओळखू लागले, असं सांगतात. मी लोकलने जायचो तेव्हा पार्ला आलं हे वाचावं लागत नसे. डोळे मिटलेले असले तरी नाकाला कळायचं. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. आता पार्ल्याला उतरायचं असेल तर जागं राहावं लागतं.

मग आला मोडतोडीचा जमाना. फोल्कार्ट आणि टाटा एकत्र आले, १९५४ साली 'व्होल्टास' झालं. केशव विष्णु पेंढारकरांनी १९५२ साली विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली आणि तिची आद्याक्षरं जोडून झालं 'विको'. वडिलांना एका अक्षरात बसवून सगळ्या हिंदुस्थानाच्या दातांवरून फिरवलं. शांतारामबापूंनी १९४२ साली वडील राजाराम आणि आई कमल यांची नावं जोडून 'राजकमल' केलं. आईवडील दोघांनाही एकाच पाटीवर न भांडता बसवणं ही दिग्दर्शकाचीच कामगिरी. आणि त्याच १९५२ साली टाटांनी सौंदर्यप्रसाधनं काढली तेव्हा आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन 'लॅक्मे' होऊन परत आली. त्या नावाचा एक फ्रेंच ऑपेरा १८८३पासून होता. घरची लक्ष्मी फ्रेंचमध्ये हाक मारल्यावर जास्त गोरी दिसते, हे आपल्या लोकांना चटकन पटलं.

या जोडाजोडीचा प्रयोग आम्हीही केला. भाचीची एक मैत्रीण धंद्यात भागीदार होणार होती. दोघींच्या नावांची पहिली अक्षरं जोडून बघितली. जो शब्द तयार झाला तो एखाद्या जुलाबाच्या औषधाला शोभला असता. उलटा करून बघितला. तो त्या औषधाचा परिणाम वाटला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचार बदलला आणि आपले पैसे काढून घेतले. भाची त्या संध्याकाळी फार बोलली नाही. मी तिला धीर द्यायला बॉइसची गोष्ट सांगितली. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा धंदा सुरू केला. त्यांना पैसे देणाऱ्या स्नेह्याच्या नात्यातला बॉइस नावाचा तरुण भागीदार म्हणून आला आणि थोड्याच दिवसांत निघूनही गेला. नाव मात्र राहिलं, 'गोदरेज अँड बॉइस'. काही न करता सव्वाशे वर्षं पाटीवर राहिलेला दुसरा भाग्यवान माझ्या तरी ऐकिवात नाही.

"म्हणजे मी हिचं नाव ठेवू?" भाची म्हणाली. "यंत्राचे हप्ते आता एकटीने भरायचे आहेत, मामा."

मी टिपणं मिटली. इतका वेळ मी तिला जे सांगत नव्हतो ते मला सारखं आठवत होतं.

आमच्या वडिलांनी १९६१ साली दुकान काढलं होतं. मी नऊ वर्षांचा, माझी थोरली बहीण, म्हणजे या भाचीची आई, चौदा वर्षांची. तिला सगळे अक्का म्हणतात. वडील खाजगी नोकरी सोडून आले होते आणि आईच्या पाटल्या मोडून भांडवल उभं केलं होतं. वह्या, टाक, दौती, नकाशे, ग्रहणाच्या वेळी काळ्या काचा. पोस्टासमोर मोक्याची जागा. वडिलांनी महिनाभर विचार करून नाव काढलं, 'न्यू एम्पायर स्टेशनरी अँड जनरल मार्ट'. एम्पायर जाऊन चौदा वर्षं झाली होती. कोणीतरी तसं म्हटलंही. वडील म्हणाले, "म्हणूनच 'न्यू' लावलंय."

पाटी रंगवणारा अक्षराला चार आणे घेई. नये पैसे सुरू झाले होते, पण त्याला अजून चार आणेच कळत. त्याने बोटाने हवेत अक्षरं मोजली, सतरा. मग म्हणाला, जोडाक्षराला दुप्पट. 'न्यू', 'म्पा', 'स्टे' यांबद्दल वडिलांनी वाद घातला नाही. 'मार्ट'मधल्या रफारावर मात्र अर्धा तास गेला. वडिलांचं म्हणणं, रफार म्हणजे एक फटकारा, त्याला अक्षर कसं म्हणता? पेंटर म्हणाला, "रफार नको असेल तर 'माट' लिहितो." शेवटी एकवीस अक्षरांचे सव्वापाच रुपये झाले. अनुस्वार आणि चंद्रकोर त्याने मोफत दिली. पाटी अस्सल सागवानाची, दोन माणसांनी उचलावी अशी.

ते नाव गावात एकाही माणसाने उच्चारलं नाही. सगळे म्हणत 'पोस्टासमोरचं दुकान'. वडिलांना त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाईक येतंय ना, मग झालं. त्या काळी शाईच्या दौतीवर उंट असायचा. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाई काढली तेव्हा पहिला घोडा होता, मग उंट आला, आणि कॅमल अधिक इंक मिळून 'कॅमलिन' झालं. तीत २०११ साली जपानी कंपनीचा मोठा हिस्सा आला आणि पुढे नावाच्या अलीकडे 'कोकुयो' लागलं, ते असो. वडील मला सांगत, "बघ, उंट पाणी साठवतो तसं यांचं पेन शाई साठवतं." हा अर्थ त्यांनी स्वतः लावलेला होता. दांडेकरांना विचारलेलं नव्हतं. पण गावातल्या न वाचता येणाऱ्या बायकासुद्धा पोराला पाठवताना बजावत, "उंटाची आण हं." आमच्या पाटीवर एकवीस अक्षरं होती आणि उंट एकही नव्हता.

दोन वर्षांनी पोस्टासमोरच, आमच्यापासून तीन दारं पलीकडे, आणखी एकाने वह्यांचं दुकान काढलं. त्याने पाटीच लावली नाही. लोक 'पोस्टासमोरच्या दुकानात' जायला निघत आणि बसस्टँडकडून येताना पहिलं लागेल त्यात शिरत. पहिलं त्याचं लागे. त्यातच ज्या शाळेच्या जिवावर दुकान होतं तिने वह्या स्वतःच विकायला काढल्या. उधारीची वही मात्र रोज भरत होती. १९६४च्या पावसाळ्यात वडिलांनी दुकान बंद केलं. सामान हातगाडीवरून गेलं. पाटी गाडीत मावेना. ती एका बाजूने वडिलांनी आणि दुसऱ्या बाजूने अक्काने धरली आणि बाजारपेठेतून घरी आणली. मी मागून चालत होतो. वडिलांनी अक्षरं आतल्या बाजूला केली होती. तरी अक्काची बोटं 'मार्ट'च्या रफारावर होती, हे मला अजून दिसतं.

सागवान टाकून कोण देणार? आईने ती पाटी स्वयंपाकघरात फळी म्हणून ठोकली, अक्षरं भिंतीकडे करून. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या राहू लागल्या. घर विकलं तेव्हा ती फळी अक्काकडे गेली आणि तिच्या स्वयंपाकघरातही तशीच ठोकली गेली.

म्हणून भाचीने जेव्हा मला सांगितलं की, "नाव सरळ आईचंच देऊ, मसाला तिचाच आहे," तेव्हा अक्का काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. तिने भाजणी भाजता भाजता मान वर न करता सांगितलं, "माझं नाव पाटीवर नको. काय दुसरं ठेवायचं ते ठेवा." का, ते तिने मुलीला सांगितलं नाही. साठ वर्षांत कोणालाच सांगितलं नसावं. मीही त्या वेळी नुसताच भाजणीचा वास घेत उभा राहिलो.

मग आम्ही सगळे कामाला लागलो. जावईबापूंनी 'इंटरनॅशनल' हा शब्द असावा असा आग्रह धरला. गाळा चिंचवडला आहे आणि माल सध्या फार तर निगडीपर्यंत जाईल, हे त्यांना मान्य होतं. "पण दृष्टी मोठी ठेवावी." शेजारच्या काकांनी अंकशास्त्र काढलं. नावाच्या अक्षरांची बेरीज पाच यायला हवी, आणि ती येत नसेल तर एक 'ए' वाढवायचा. मराठी नावाला कुठला 'ए' वाढवायचा, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच मराठी माणूस धंद्यात मागे." पाटी आता देवनागरीत लावणं कायद्याने भागच आहे. २०२२ साली नियम दुरुस्त झाला आणि लहान दुकानंही त्यात आली. त्या दुरुस्तीत दारूच्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देऊ नये असंही एक कलम आहे. कलम घालावं लागलं, म्हणजे आधी काय चाललं होतं ते ओळखा. लोणच्याला मात्र किल्ला चालतो. आमच्या नातवाने 'लोणचगड' सुचवलं.

मी स्वतः एक्केचाळीस नावांची यादी केली. रुची, सुरस, चव, षड्रस, अन्नपूर्णा, तृप्ती अशी. भाचीने ती ट्रेडमार्कच्या वकिलांकडे नेली. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या मालाचे आणि सेवांचे पंचेचाळीस वर्ग केलेले असतात. मसाला एका वर्गात आणि मुरवलेल्या भाज्या दुसऱ्या वर्गात. कैरी जन्मापासून मसाल्यात लोळत असली तरी कायद्यापुढे दोघं वेगळी. वकीलबाईंनी चष्म्यावरून यादी बघितली. सत्तावीस नावं आधीच कोणीतरी घेऊन बसलं होतं. बाकीची मालाचं नुसतं वर्णन करणारी असल्यामुळे नोंदता येणार नव्हती. लोणच्याला 'चविष्ट' म्हणायचा हक्क सगळ्यांचा, म्हणून एकट्याला तो मिळत नाही. म्हणजे लोणचं चांगलं आहे असं नाव चालत नाही, आणि वाईट आहे असं ठेवायला आमचं धाडस होईना.

"अमेरिकेत ईस्टमनने १८८८ साली 'कोडॅक' असा अर्थ नसलेला शब्दच तयार केला," मी सांगायला गेलो. "त्याला 'के' हे अक्षर आवडायचं म्हणून."

"आपल्याकडे अर्थ नसलेल्या नावाचं लोणचं कोण खाईल?" सौभाग्यवतींनी विचारलं. मला पटलं. फोटोला वास नसतो.

मी शेवटचं टिपण काढलं. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ साली. स्पर्धा लावली होती, बक्षीस पाच रुपये, त्यांच्यातल्याच एका भगिनीने ते सुचवलं. तीन वर्षं त्या नावाशिवाय पापड विकला. तेव्हा घाई कसली?

"त्यांचा लेबलवाला रोज फोन करत नव्हता," भाची म्हणाली. "आणि गाळ्याचं भाडं?"

आठवा दिवस उजाडला. आम्ही सगळे अक्काकडे जमलो होतो. चर्चा 'इंटरनॅशनल'पाशी अडली होती. अक्का कंटाळून म्हणाली, "आधी जेवून घ्या. मोडून खायला काहीतरी हवं, ती वरच्या फळीवरची बरणी काढ गं." भाची स्टुलावर चढली, बरणी काढता काढता थांबली आणि तिने विचारलं, "वरची फळी. असं ठेवलं तर?"

मी ते चाखून पाहिलं. वर्णन नाही, देव नाही, आडनाव नाही. आपल्या प्रत्येकाच्या लहानपणी एक वरची फळी होती आणि हात न पोचणारं सगळं चांगलं तिथेच होतं. माझी एक्केचाळीस नावं खिशात होती, ती मी खिशातच ठेवली. वकीलबाईंनी दोन्ही वर्गांत शोधलं, कोणी घेतलेलं नव्हतं. जावईबापूंनी 'वरची फळी इंटरनॅशनल' असं एकदा म्हणून बघितलं आणि स्वतःच गप्प झाले.

पाटीसाठी भाचीने ती फळीच उतरवली. अक्का हरकत घेईल असं मला वाटलं होतं. तिने आधी फडक्याने तेलाचे डाग पुसले, मग फळी उलटी केली. रंग बराच उडालेला, पण अक्षरं लागत होती. भाचीने वाचलं, "न्यू एम्पायर... हे काय आहे, आई?" अक्का खाली पाटावर बसली आणि तिने सांगितलं. सगळं. हातगाडी, पाऊस, बाजारपेठ. मध्ये कुठे अडली तर माझ्याकडे बघे आणि मी भर घाली. सुतार बाहेर खोळंबला होता. त्याने नखाने लाकूड खरवडलं आणि म्हणाला, "रंधा मारू नका सांगत असाल तर उत्तम. असलं सागवान आता कुठे मिळतंय? मागची बाजू वापरू." म्हणून पाटीच्या पुढे 'वरची फळी' आहे आणि मागे, भिंतीकडे, अजून न्यू एम्पायर आहे. पेंटर आता अक्षरावर पैसे घेत नाहीत. रफार मात्र निघालाच. वडील असते तर त्यांनी तिथेच भाव पाडून घेतला असता.

दुकान सुरू होऊन सहा महिने झाले. यंत्राचे हप्ते वेळेवर जातात, एकदा चुकला तेवढा सोडून. फर्ग्युसन रस्त्यावरची 'वैशाली' एके काळी 'मद्रास हेल्थ होम' होती, तेव्हा नाव पुढे बदलायला लागलं तरी बिघडत नाही, असं मी भाचीला सांगून ठेवलं आहे. तिने ऐकून घेतलं.

परवा संध्याकाळी मी गाळ्यावर बसलो होतो. अक्का आता रोज चार ते सात तिथे असते. नुसतं घरी बसून कंटाळा येतो, एवढंच कारण ती सांगते. फोन वाजला. भाची मेतकूट तोलत होती, म्हणून मी उचलला आणि ऐटीत म्हटलं, "वरची फळी."

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अय्या, चुकून लागला वाटतं. आम्हाला ते अक्कांचं लोणचं मिळतं ना, तिथे हवा होता."

मी काही बोलायच्या आत अक्काने माझ्या हातातून फोन घेतला.

"अक्काच बोलतेय," ती म्हणाली. "कैरीचं की लिंबाचं?"